आधी एक पावसाळा काढून बघा

पत्र:

"मॅडम, माझं वय 47. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत वीस वर्षं मार्केटिंग बघतो. महिन्यातले दहा-बारा दिवस बाहेरच. कोइमतूर, राजकोट, पुणे, चेन्नई. सांब्र्याच्या विमानतळावरून बेंगळूर, तिथं चार तास बसून पुढचं विमान, मग टॅक्सी, मग हॉटेल. दर दोन तासांनी कुणाला तरी ओटीपी सांगायचा नाहीतर आधार दाखवायचं. गेल्या महिन्यात पहाटे जाग आली आणि आपण कुठल्या गावात आहे तेच आठवेना. पडदा सारून बाहेर बघितलं तरी कळेना. शेवटी फोनमध्ये बघितलं. त्या दिवसापासून मन उडालंय.

सुट्टीत घरच्यांना घेऊन गोव्याला निघालो तर चोर्ला घाटात तीन तास अडकलो. मुलगी नववीत आहे, ती म्हणाली, बाबा, घरीच राहायचं की.

जांबोटीच्या पुढं आमचं जुनं घर आहे. आई तिथंच असते. थोडं भात आहे, काजू आहेत. नोकरी सोडून तिकडं जाऊन राहावं वाटतंय, खरं धाडस होईना. रात्री झोप लागत नाही तेव्हा मोबाईलवर तत्त्वज्ञानाचं ऐकतो. सगळे एकच सांगतात, शांती आपल्या आत असते, जागा बदलून काही होत नाही. मग बस जांबोटीच्या वळणाला आली की माझा श्वास मोकळा कसा होतो? मी पळपुटा आहे काय? बायको शाळेत शिकवते, ती म्हणते पंधरा दिवसांत कंटाळाल. तुम्हीच सांगा की."

एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर:

नमस्कार.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तुमची झोप त्यानंच उडवलेली दिसते. वीस वर्षं महिन्यातले बारा दिवस परगावी काढून ज्यानं घर चालवलं, त्याला कुणी पळपुटा म्हणू नये. त्यानं स्वतःलाही म्हणू नये.

आता त्या "शांती आत असते" बद्दल. मी बेळगावातल्या एका कॉलेजात एकतीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. हे वाक्य मीही फळ्यावर लिहिलेलं आहे, त्यामुळं त्याची जबाबदारी माझ्यावरही येते. मोबाईलवर तुम्ही जे ऐकता त्यातलं पुष्कळसं प्राचीन ग्रीस-रोममधल्या स्टोइक पंथाच्या विचारवंतांकडून आलेलं असतं. पहिल्या शतकात रोममध्ये त्यांच्यातल्याच सेनेकानं आपल्या लुसिलियस नावाच्या मित्राला पत्रं लिहिली. एका पत्रात तो समजावतो, की एवढा लांबचा प्रवास करून मनावरचं ओझं उतरलं नाही याचं नवल करू नको, कारण जाताना तू स्वतःला बरोबर घेऊन गेलास. म्हणणं खरं आहे. पण हे कुणाला सांगितलंय ते बघा. बरं वाटावं म्हणून देशोदेशी हिंडणाऱ्याला. तुम्ही बरं वाटावं म्हणून राजकोटला जात नाही, तुम्हाला पाठवतात. तुम्हाला हवंय ते थांबणं. आणि एका जागी थांबता येणं, स्वतःच्या सोबतीत रमता येणं, ही तर याच सेनेकाला ठिकाणावर असलेल्या मनाची पहिली खूण वाटत होती. दुसऱ्याच्या नावची चिठ्ठी दाखवून तुम्ही रोज रात्री औषध घेत आहात, आणि वर गुण येत नाही म्हणून स्वतःलाच दोष देत आहात.

त्याच्याही आधीचा ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस. मनाची शांती हेच सगळ्यात मोठं सुख मानणारा माणूस. त्यानं ख्रिस्तपूर्व 306 च्या सुमारास अथेन्समध्ये एक बाग विकत घेतली आणि तिथं मित्रांबरोबर राहिला. त्या बागेत बायका होत्या, गुलामही होते. खाणं साधं, भाकरी आणि पाणी. म्हणजे त्यालाही जागा लागली आणि सोबत लागली. हा सोबत शब्द जरा बाजूला ठेवा, मी त्याच्याकडं परत येणार आहे.

तर वळणाला श्वास मोकळा होतो तो खराच मोकळा होतो. कान, नाक, कातडी हेही तुम्हीच आहात. काजूच्या मोहोराचा वास, रस्त्यावर एकदम दाटून येणारी सावली, खाली उतरल्याबरोबर लागणारा गारवा, हे बाहेरचं म्हणून कमी दर्जाचं आणि आतलं तेवढं अस्सल, असा भेद मला या वयात पटत नाही.

तुमच्या पत्रातली ती परगावची पहाट मात्र मनातून जात नाही. आपण कुठं आहोत ते फोनला विचारावं लागलं. त्याचं कारण तुमचं वय किंवा विस्मरण नसावं. कारण असं, की तुम्ही त्या गावाला गेलाच नव्हता. तुम्हाला तिथं पोचवलं होतं.

सत्तरच्या दशकात मी पुण्याला शिकत होते, तेव्हा येता-जाता मिरजेला गाडी बदलावी लागायची. आपली बेळगावची लाइन मीटरगेज, पुण्याची ब्रॉडगेज, आणि पंढरपूरकडं जाणारी छोटी नॅरोगेज, अशा तीन मापांचे रूळ त्या एका स्टेशनात होते. फलाटावर तासन् तास बसायचं. आईनं बांधून दिलेली भाकरी आणि झुणका सोडायचा, शेजारची बाई आपल्या फडक्यातली शेंगदाण्याची चटणी पुढं करायची, तिची लेक कुठं दिली आहे ते कळायचं. पंढरीला निघालेले म्हातारे टाळ उशाला घेऊन झोपलेले असायचे. आपल्या भाषेत थांबण्याला वाट बघणं म्हणतात. खरोखरच तिथं बघायला वाट असायची: रूळ दिसायचे, सिग्नल दिसायचा, लांबून धूर दिसायचा. तुम्ही चार तास बसता तिथं वाट कुठंच नाही. एक पडदा असतो, त्याच्यावर आकडे बदलतात. शेजारी दोनशे माणसं, प्रत्येकाच्या कानात बोळे. आपलं नाव, आपलं तोंड, आपली पिशवी पुन्हा पुन्हा तपासून घ्यायची आणि पुढं सरकायचं. विमान उडतं तासभर, आणि त्याच्या आजूबाजूचे सहा तास कुणाच्याच मालकीचे नसतात. शीण त्या तासांचा येतो.

पण जुना प्रवास गोड होता असं मी तुम्हाला सांगणार नाही. 1979 साली वडील अत्यवस्थ असल्याची तार पुण्याला माझ्या हातात पडली तेव्हा संध्याकाळ झाली होती. रात्रभर प्रवास करून, मिरजेला गाडी बदलून, दुसऱ्या दिवशी घरी पोचले तर अंगण झाडून पाणी शिंपडलेलं होतं. त्यांना नेऊन झालं होतं. सांब्र्याची धावपट्टी 1942 पासून होती, पण आमच्यासारख्यांच्या उपयोगाची नव्हती. म्हणून वेगाला मी कधी नावं ठेवत नाही. कुणाची लेक आज बापाच्या उशाशी वेळेवर पोचत असेल तर ती ज्या विमानानं पोचते त्याला माझा नमस्कार आहे. प्रश्न एवढाच पडतो, की उशाशी पोचायला लागणारा वेग आपण महिन्यातले बारा दिवस कशाकशावर खर्च करतो.

इथं मला आपल्याच भागातली एक रीत सुचवायची आहे. निपाणी-चिक्कोडीकडं जाताना तुम्ही दिगंबर मुनींचा विहार बघितला असेल. अनवाणी, पायी, गावोगाव. विसाव्या शतकात ही मुनिपरंपरा ज्यांनी पुन्हा उभी केली ते आचार्य शांतिसागर (1872–1955) तिकडच्याच भोज गावचे. ते इथून पायी उत्तर भारतात गेले. पण पाऊस लागला की मुनी जिथं असतील तिथं मुक्काम करतात आणि चार महिने ते गाव सोडत नाहीत, कारण ओल्या जमिनीवर जीवजंतू वाढतात आणि चालताना पायाखाली मरतात. आपल्या घरातला आषाढी ते कार्तिकी चातुर्मासही तेवढाच. आठ महिने चालणं, चार महिने थांबणं. यात चालणं वाईट ठरवलेलं नाही आणि थांबणं हा पराभव मानलेला नाही. वर्षालाच दोन भाग पाडून दिलेत.

तुमच्या गावापासून जवळ, कणकुंबीला, मलप्रभा उगम पावते. माउलीच्या देवळापाशी कुंड आहे, पाणी हलताना दिसतसुद्धा नाही. तेच पाणी सुमारे 300 किलोमीटर जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळतं. त्या संगमावरच्या देवाचं नाव घेऊन बाराव्या शतकात बसवण्णांनी वचनं रचली, आणि एका वचनात म्हटलं की स्थावराला, म्हणजे एका जागी उभं असलेल्याला, नाश आहे; जंगमाला, म्हणजे चालत्याला, नाही. आपण मराठी माणसं हे दोन शब्द फक्त सातबारा आणि वाटणीपत्राच्या वेळी काढतो. तुमच्या पत्रात मला त्यांचाच गोंधळ दिसतो. नोकरी सगळी जंगम आणि गावचं घर सगळं स्थावर, असं धरून तुम्ही एकातून दुसऱ्यात उडी मारायला निघालाय. घर विटांचं आहे, ते पडेल किंवा उभं राहील. थांबण्याची सवय ही तुमच्याबरोबर चालणारी गोष्ट आहे, आणि ती अजून तुम्हाला लागलेली नाही. वीस वर्षांत लागायला सवडच मिळाली नाही.

म्हणून राजीनामा देऊ नका. आधी एक पावसाळा काढून बघा.

कसा, ते सांगण्यापूर्वी त्या गावाबद्दल थोडं बोलते, कारण सुट्टीच्या दिवशी दिसणारं गाव आणि राहण्याचं गाव वेगळं असतं. ज्या चोर्ल्याच्या रस्त्यावर तुम्ही तीन तास अडकलात, तोच रस्ता जांबोटीवरून पुढं जातो. शनिवार-रविवारी गोव्याला जाणाऱ्या गाड्या तुमच्या दारावरूनच जाणार. श्रावणात देवळाचा लाऊडस्पीकर असेल, लग्नसराईत डॉल्बी असेल. पावसात झाड पडलं की लाइट जाते आणि कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. आईला रात्री काही झालं तर खानापूर नाहीतर बेळगाव गाठावं लागेल. हे तुम्हाला ठाऊक आहे, तरी मनातल्या चित्रात ते नसतं.

मी शहापुरात वाढले. आमच्या गल्लीत घरोघरी माग होते. दिवसभर खटखट चालायची, आणि दुपारी लाइट गेली की सगळे माग एकदम थांबायचे. त्या क्षणी आजी दचकून जागी व्हायची. "काय झालं गं?" असं विचारायची. आमची शांतता त्या आवाजात होती. तेव्हापासून मला वाटत आलंय की माणसाला खुपतो तो ज्याच्याशी आपलं काही नातं नाही असा आवाज. जांबोटीत तुम्हाला कुठल्या आवाजाशी नातं जोडता येतं, ते तिथं राहिल्यावरच कळेल.

निवृत्त झाल्यावर मी स्वतः एक पावसाळा आजोळी काढला, हलशीजवळ. पहिले आठ दिवस स्वर्गात असल्यासारखे गेले. नवव्या दिवशी फोनला रेंज मिळते का म्हणून छत्री घेऊन माळावर चढून गेले. बाराव्या दिवशी दुपारी, बाहेर पाऊस ओततोय, वाचायला पुस्तक आहे, चूल पेटलेली आहे, आणि मी ओसरीवर बसून रडले. कशासाठी रडले ते आजही नेमकं सांगता येणार नाही. एवढंच कळलं की धावपळीनं जे झाकून ठेवलं होतं ते वर आलं होतं, वडिलांसकट. शेजारची बाई रोज सकाळी कुंपणावरून "न्याहारी झाली काय?" असं विचारायची. आधी मला ती चौकशी नको वाटायची. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस तिचा आवाज आला नाही, तर मीच चिखल तुडवत तिच्या दारात गेले. ताप आला होता तिला. त्या दिवसापासून माझं तिथलं राहणं खरं सुरू झालं. हीच ती सोबत. कार्तिकात मी शहापूरला परत आले आणि आता इथंच राहते. गाव मला मानवलं नाही असं नाही. चार महिने पुरेसे होते आणि इथं माझी माणसं आहेत.

तेव्हा बायकोनं सांगितलेले पंधरा दिवस अगदी बरोबर आहेत. बाराव्या नाही तर पंधराव्या दिवशी कंटाळा येणारच. तो आला म्हणजे बेत चुकला असं समजून गाडी काढू नका.

आणि बायकोबद्दलच बोलायचं तर तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात त्यांच्या वाट्याला एकच ओळ आली आहे. त्या शिक्षिका आहेत. मुलगी नववीत, म्हणजे पुढच्या वर्षी एसएसएलसी. घर जांबोटीला नेलं तर शाळेसाठी रोज बस कोण पकडणार? पावसात, अंधारात, डबे भरून? तुमचा प्रवास थांबेल आणि त्यांचा सुरू होईल. तुमच्या शांततेचं भाडं त्या भरतील. आणि गावच्या घरात चूल, पाणी, आईचं पथ्य, येणारे-जाणारे पाहुणे हे कुणाच्या अंगावर पडेल हेही स्वतःला विचारा. मी अशी घरं बघितली आहेत जिथं निवृत्त नवरा ओसरीवर बसून पाऊस बघतो आणि आतली बाई तिन्हीसांजेपर्यंत खाली बसत नाही. तुम्ही तसे नसाल. पण ही गोष्ट त्यांच्याबरोबर बसून, त्यांना आधी बोलू देऊन ठरवायची आहे. त्यांना काय हवंय ते मला पत्रातून कळलं नाही, आणि मला भीती वाटते की तुम्हालाही ते नीट माहीत नाही.

आता पावसाळ्याचं. गेल्या वर्षभराचे दौरे एका वहीत लिहून काढा. कास्टिंग दाखवायला जावंच लागतं हे मला मान्य आहे, पण दर भेटीत हातात कास्टिंग होतं का? समोरच्यानं चहा पाजून "मेल करतो" म्हणून परत पाठवलं, असे किती? तो आकडा घेऊन साहेबांकडं जा आणि चार महिन्यांसाठी महिन्याला एकच दौरा मागा. बाकीचं फोनवर, व्हिडिओवर. नोकरी सोडतो म्हणणाऱ्या अनुभवी माणसापेक्षा दौरे कमी करून मागणारा माणूस कुठल्याही कंपनीला परवडतो.

जो एक दौरा राहील तो जरा माणसासारखा करा. बेंगळूरपर्यंत जायचं तर राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्री निघून सकाळी पोचता येतं, त्यासाठी विमानतळावर चार तास घालवायला नकोत. आणि कुठल्याही गावात उतरलात की हॉटेलात जायच्या आधी टपरीवर उभं राहून एक चहा घ्या. इथलं पाणी कुठल्या नदीचं, एवढं विचारा एकाला. पुढच्या वेळी पहाटे जाग आली तर तेवढं तरी आठवेल.

शुक्रवारी संध्याकाळी सीबीटी बसस्थानकावरून लाल बसनं जांबोटीला जा, सोमवारी सकाळी या. मोटार घरी ठेवा, कारण मोटार दारात असली की कंटाळ्याच्या पहिल्या तासाला माणूस किल्ली शोधतो. मुलीला यायचं असेल तर येईल, तिच्यावर सक्ती नको. आणि त्यातला सलग एक मुक्काम तरी तीन आठवड्यांचा करा. वीस वर्षांत साठलेली रजा असेलच. लावणीच्या वेळी जा. तुम्हाला रोप नीट लावता येणार नाही, पण चिखलात उभं राहून मुठी पुरवता येतील. आईजवळ बसा. तिनं हे घर इतकी वर्षं एकटीनं कसं धरून ठेवलं ते तुम्ही तिला कधी विचारलंय का, ते मला माहीत नाही.

मोबाईलवरचं तत्त्वज्ञान तेवढे दिवस बंद ठेवा. ते ऐकूच नका असं म्हणत नाही, तोच विषय शिकवून मी पोट भरलं. पण रात्री दीड वाजता, एकट्यानं, झोपेच्या बदल्यात ऐकायची ती गोष्ट नाही.

कार्तिकीनंतर तुम्ही दोघं बसा आणि ठरवा. कदाचित नोकरी राहील आणि दौरे कमी होतील. कदाचित मुलीची परीक्षा झाल्यावर गावचं घर दुरुस्त होईल. कदाचित असं दिसेल की वैताग साहेबांचा होता, प्रवासाचा नव्हताच, आणि दुसरी कंपनी बघायची वेळ आली आहे. यातलं काहीही निघालं तरी मला वाईट वाटणार नाही.

कणकुंबीला जाल तेव्हा कुंडापाशी थोडा वेळ बसा. आणि गावी राहायला गेल्यावर नेमका कितव्या दिवशी कंटाळा आला आणि त्या दिवशी शेजारून कुणी हाक मारली का, तेवढं एका ओळीत कळवा. पाकिटावर बायकोलाही दोन ओळी लिहायला सांगा. त्यांचं पत्र मी आधी वाचेन.